नवी कौलं, उजवा कौल

माझ्या निरोपसमारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला आणि गणपतीची फ्रेम मिळाली. शिक्षिकेच्या घरात गणपतीच्या फ्रेमा किती साठतात, हे फक्त शिक्षिकेच्या नवऱ्याला ठाऊक असतं. त्यानंतर शाळा समितीचे अध्यक्ष मारुतीअण्णा माइकपाशी आले आणि म्हणाले, "मोठ्या बाईंनी आमची साळा अशी वर काढली, की परत्यक्ष गावदेवानं तिला उजवा कौल दिला. असला मान दुसऱ्या कुठल्या साळेला मिळालेला मी तरी ऐकला न्हाई." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सत्काराच्या खुर्चीत बसलेल्या बाईने तोंड वाकडं करून चालत नाही, आणि शिवाय अण्णांचं बोलणं शब्दाला शब्द खरं होतं. देवाने कौल दिला होता. ज्या वर्गासाठी तो मागितला, तो वर्ग मात्र त्या दिवशी शाळेत नव्हता.

मी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, तिथल्या सरकारी मराठी शाळांत हयात घालवली. सुरुवात नंदिगड्ड्याच्या बाजूला, रानातल्या एका खोलीच्या शाळेत झाली. शेवट झाला तो बाजाराच्या एका गावात, जिथे बस थांबते, दुकानं आहेत आणि आपण शहरात राहतो अशी माणसांची समजूत आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला चहाला बोलावतात, आणि चहा चांगला करतात.

लोकांना वाटतं, मास्तर-बाईंचं काम म्हणजे शिकवणं. शिकवणं जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी एप्रिल-मेच्या उन्हात आमचं खरं काम चालतं, ते म्हणजे दारोदार फिरून मुलं मागणं. सरकारचं गणित सोपं आहे: जेवढी मुलं तेवढे शिक्षक. मुलं घटली की एखादा शिक्षक 'हेच्चुवरी' ठरतो. हा कानडी शब्द आमच्या तालुक्यात मराठी मास्तरांच्याही तोंडी आहे, अर्थ 'जादा'. जादा ठरला की त्याला दुसरीकडे पाठवतात. मग पालक म्हणतात, "साळंत मास्तर न्हाईत, पोरं कशी घालायची?" आणि उरलेली मुलं काढतात. ती काढली की आणखी एक मास्तर जादा होतो. शाळा अशी मरते. कुणी मारत नाही, सगळे फक्त वाट बघत उभे असतात.

मी त्या गावात रुजू झाले तेव्हा शाळा पहिली ते सातवी होती. पण सहावी-सातवीच्या खोल्यांवरची कौलं फुटलेली, आणि पावसाळ्यात त्या खोल्यांतून मुलांपेक्षा बादल्या जास्त बसायच्या. मारुतीअण्णांचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान. घराणं मूळचं खानापूरकडचं. त्यांची धाकटी मुलगी श्रेया आमच्याच शाळेत पहिलीपासून होती. ते अध्यक्ष झाले आणि त्यांनी शाळा मनावर घेतली. अमक्याला गाठलं, तमक्याला गाठलं, नवी कौलं आणली. कौलं चढवायला माणूस मिळेना तेव्हा लुंगी खोचून स्वतः छपरावर चढले. वरून ओरडायचे, "बाई, पाणी वततो, गळतंय का बघा." मी खाली तोंड वर करून उभी. मुलींच्या मुतारीला दार लागलं, कडी लागली. ज्यांनी कधी सरकारी शाळेत काम केलेलं नाही, त्यांना या कडीची किंमत कळायची नाही.

कौलं झाली आणि पाठोपाठ दीपा टीचर आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, विज्ञान आणि गणित शिकवायच्या. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी प्लास्टिकची बाटली कापून पाऊस मोजायचं साधन केलं आणि अंगणात ठेवलं. रोज सकाळी मोठ्या वर्गातली मुलं आकडा वाचायची आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायची. आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे वेगळं सांगायला नको. महिन्याभरात बाजारातली माणसं फळ्यापाशी थांबून आकडा बघू लागली. किराणा दुकानदार पोरांना अडवून विचारायचे, "काल किती झाला रे?" आणि पोरं डॉक्टरासारखी तोंडं करून सांगायची. एवढ्या वर्षांत गावाने आमच्या शाळेला काही विचारलं, ते पहिल्यांदाच.

मग पालक शाळा बघायला येऊ लागले. मुलगी बघायला येतात तसेच, जोडीजोडीने, आणि निघताना "कळवतो" म्हणून.

एका बाईंनी दुपारच्या जेवणाचं सांबार चाखलं. "आमच्या घरच्यापेक्षा बरं हाय," म्हणाल्या, स्वयंपाकाच्या मावशींना मसाला विचारून घेतला आणि मुलाला व्हॅनने लांबच्या इंग्रजी शाळेत घातलं. दुसरे एक गृहस्थ दीपा टीचरांच्या तासाला मागे बसले. तास संपल्यावर मुलांना म्हणाले, "कुणीतरी इंग्लिशमधून भांडून दाखवा." मुलं गप्प. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भेसळ करताना सापडले होते. सगळ्यात कडवट प्रश्न एका भाजीवाल्या मावशींनी विचारला. "बाई, तुमच्या साळंतल्या मास्तरांची पोरं कुठं शिकत्यात?" आमच्या दोन मास्तरांची मुलं त्या व्हॅननेच जायची. माझा मुलगा सरकारी शाळेत शिकला, पण तेव्हा जवळपास दुसरी शाळाच नव्हती, तेव्हा त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही. मी मावशींना कोथिंबीर मागितली.

आमच्या भागात तोंडावर 'न्हाई' म्हणायची पद्धत नाही. 'बघूया की' म्हणतात. या दोन शब्दांत माझी निम्मी नोकरी गेली. "सहावीला इथंच ठेवणार ना?" "बघूया की बाई." "कधी बघणार?" "बाकीचे काय करत्यात ते बघूया." प्रत्येक घरात मला हेच उत्तर मिळालं. शाळा सुधारली आहे हे सगळ्यांना मान्य होतं. पाचवीच्या मुलांनी सहावीत नाव लावलं असतं तर दीपा टीचर राहिल्या असत्या, आणि त्या राहिल्या असत्या तर नाव न लावायला कारणच नव्हतं. पण प्रत्येकाला दुसऱ्याचं पोर आधी पाण्यात उतरलेलं पाहायचं होतं. आणि सगळ्यांची नजर अण्णांच्या श्रेयावर होती, तीही पाचवीतच होती. अध्यक्षाची पोरगी राहिली तर आपली ठेवू, असं लोक उघड म्हणत.

या सगळ्यात एक घर वेगळं होतं. सोमा वेळीप माझा जुना विद्यार्थी. नंदिगड्ड्याकडच्या त्या एका खोलीच्या शाळेत तो चौथीपर्यंत शिकला. पुढचा वर्ग तिथे नव्हता म्हणून थांबला. कुणबी समाजातला, आता सासुरवाडीच्या जमिनीत भात करतो आणि रानातल्या कामाला जातो. त्याची वाडी बाजारापासून बरीच आत. मुलगी सुगंधा पाचवीत, रोज चालत यायची. पाऊस मोजायच्या बाटलीची राखण तिने आपणहून घेतली होती. बकरी जरी जवळ आली तरी ती वर्गातून उठून धावायची. दीपा टीचरांनी तिला सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं आणि ती पास झाली. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच होतं. पण शाळा लांब, तालुक्याच्या बाहेर, आणि पोरगी घर सोडून कधी एक रात्र राहिलेली नाही. सोमा पेचात पडला. त्याचा 'बघूया' मात्र खरा होता. तो दुसऱ्यांकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत होता.

मे महिन्यात समितीची बैठक झाली. वरच्या ऑफिसातून निरोप होता की सहावीत मुलं आली नाहीत तर वरचे वर्ग ठेवता येणार नाहीत. मी ते सरळ सांगितलं. बाकावर बसलेल्या माणसांनी छपराकडे पाहिलं, नव्या कौलांचं कौतुक केलं. कुणीतरी म्हणालं, "बघूया की." तेव्हा अण्णा उठले. "असं किती दिवस बघायचं? देवालाच इच्यारू. कौल लावू. देव काय सांगंल ते खरं."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, जमिनीची वाटणी, काहीही अडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने प्रश्न मांडतो, आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी विज्ञानाच्या पुस्तकावर विश्वास ठेवणारी बाई. पण त्या दिवशी मला हायसं वाटलं. माझ्या सांगण्याने हललं नाही ते गाव देवाच्या सांगण्याने हलत असेल, तर देवाला माझी हरकत नव्हती.

सोमवारी देवळात सगळे जमले. श्रेयाची आई, सांबारवाल्या बाई, भाजीवाल्या मावशी, आमचे ते दोन मास्तर, आणि कोपऱ्यात खांबाला टेकून सोमा. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "काय मागू?"

अण्णा हात जोडून म्हणाले, "इच्यारा, ही आमची साळा चांगली हाय का न्हाई."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, तुझी लेकरं तुझ्या पायापाशी आल्यात. ही गावची साळा, तिला नवी कौलं घातली, नवी टीचर आली. ती साळा चांगली असंल तर उजवा दे आणि लेकरांच्या मनातला किंतू काढ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आम्ही बसलो. मग बायका हळूहळू बोलू लागल्या आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण उजवीकडची पाकळी सरकली आणि पडली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, मी जवळून पाहिलं. त्यांनी पेढे वाटले. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "आता आनी काय पायजे बाई तुमास्नी?" मला आणखी काहीच नको होतं.

चार दिवसांनी सोमा शाळेत आला. म्हणाला, "बाई, निवासी साळेत कळवून टाकलं. सुगंधा न्हाई येत म्हणून."

मला खरं सांगायचं तर आनंद व्हायला हवा होता. सहावीतलं एक पक्कं नाव मिळालं होतं. 'बरं केलंस' हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले आणि म्हटलं, "सोमा, जागा सोडू नकोस. अशी जागा पुन्हा मिळायची नाही. अजून सांगता येईल. जाऊ दे तिला."

तो बुचकळ्यात पडला. "बाई, तुमची साळा चांगली हाय म्हणून देव सांगतोय, आनी तुमीच न्हाई म्हणताय?"

इथे राहू नकोस म्हणावं, तर माझ्याच शाळेवर माझाच विश्वास नाही असं झालं. आणि शाळा खरंच चांगली होती. मी एवढंच म्हणाले, "बाकीचे काय करतात ते जरा बघ."

"बाकीचे हुते की तिथं," सोमा म्हणाला. "सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं."

शाळा उघडली त्या दिवशी आम्ही फाटकाला आंब्याचं तोरण बांधलं. दीपा टीचरांनी सहावीच्या खोलीत नवी रांगोळी काढली. आमच्या फाटकासमोरच सावली आहे, म्हणून ती पिवळी व्हॅन तिथेच थांबायची. त्या दिवशीही थांबली. श्रेया टाय लावून आली, नवे बूट चिखलात भरू नयेत म्हणून दगडांवरून उड्या मारत व्हॅनमध्ये चढली, आणि खिडकीतून हात हलवून म्हणाली, "बाय टीचर!" दीपा टीचरांनीही हात हलवला. सवयीने हलला असावा. मग भराभर बाकीची मुलं चढली. ज्यांच्याबद्दल मी आठवडाभर निर्धास्त होते ती सगळी. आमच्या सहावीच्या खोलीत वाडीवरची थोडी मुलं आणि पुढच्या बाकावर सुगंधा.

मी तशीच अण्णांच्या दुकानात गेले. त्यांनी स्टूल पुढे केलं, पोऱ्याला चहा सांगितला. मी बसले नाही. "अण्णा, देवाचा कौल होता."

"व्हय की."

"मग?"

"मग काय बाई? देवाला मी काय इच्यारलं? साळा चांगली हाय का. देव म्हणाला हाय. मी कवा न्हाई म्हटलं? गावभर सांगतो, आमच्या साळंसारखी साळा न्हाई." ते खिळे पुड्यात बांधत होते, मान खाली. "श्रेयाला तिथं ठेवू काय, असं मी इच्यारलंच न्हाई."

माझा जन्म प्रश्नपत्रिका काढण्यात गेला. प्रश्नात पळवाट राहिली की मुलं नेमकी तिथूनच सटकतात, हे मी नव्या मास्तरांना शिकवत आले. आणि माझ्यासमोर एवढा मोठा प्रश्न असा मोकळा सोडला गेला, तेव्हा मी 'व्हय म्हाराजा' म्हणत होते.

"का नाही विचारलं, अण्णा?"

त्यांनी पुड्याची गाठ आवळली आणि हळू म्हणाले, "देव व्हय म्हणाला असता तर? मेव्हण्याची पोरं बेळगावात इंग्लिश बोलत्यात. गेल्या लग्नात ती श्रेयाला हसली. तवापासनं श्रेयाच्या आयनं घरात धोशा लावलाय. मी साळंचा अध्यक्ष हाय बाई, घरचा न्हाई." चहा आला होता. मी घेतला नाही, आणि त्या गावात चहा नाकारलेला तो पहिला आणि शेवटचा.

अण्णांचा मला अजून राग येतो, पण लबाड माणूस म्हणून येत नाही. शाळेवर त्यांचा जीव होता. पुढच्या पावसात एक कौल सरकलं, तेव्हा तेच वर चढले. देवळाचा जीर्णोद्धार करावा तशी त्यांनी शाळा उभी केली. फक्त देवळात कुणी पोरगी ठेवून येत नाही, तसं त्यांचं झालं. बाकीच्यांनी तर अण्णांकडे बोट दाखवलं आणि मोकळे झाले. सांबारवाल्या बाई मला म्हणाल्या, "साळा चांगलीच हाय वो, गरिबाच्या पोरांची सोय झाली."

दसऱ्याच्या सुट्टीनंतर हुकूम आला. सहावी-सातवी दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेला जोडली. दीपा टीचर हेच्चुवरी ठरल्या आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. जाताना रडल्या नाहीत. फळा पुसून गेल्या आणि बाटली सुगंधाकडे दिली. वर्ग ज्या गावाला जोडले तिथे जायला सकाळची बस आहे. संध्याकाळची रानातून येते, कधी येते, कधी येत नाही, आणि बाजारात उतरल्यावर सुगंधाला पुढे वाडीपर्यंतची रानवाट उरते.

मी निवासी शाळेत फोन केला. जागा केव्हाच भरली होती.

सोमा दाखला न्यायला आला तेव्हा शेवटचा पाऊस चालला होता. सुगंधा बरोबर होती. मी दोघांना सहावीच्या खोलीत बसवलं, कारण माझ्या खोलीत दुसरे पालक होते. बाक रिकामे होते. बाहेर पाणी धोधो कोसळत होतं आणि आत एक थेंब गळत नव्हता.

"कुठे घालणार?" मी विचारलं.

"सध्या घरीच. तिच्या आयला भाताला माणूस पायजेच हाय." मग म्हणाला, "पुढच्या साली बघूया." त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि मला ओरडावंसं वाटलं. सुगंधा बाकावरची धूळ बोटाने पुसत होती.

मी दाखला त्याच्या हातात दिला. त्याने तो पिशवीत ठेवला, पण उठला नाही.

"बाई, एक इच्यारू? त्या दिशी देवळात व्हय म्हाराजा कोण कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणाले, सोमा. मीसुद्धा."

"आनी त्यातल्या कुणाची पोरं हिच्या वर्गात हुती?"

त्याला उत्तर माहीत होतं, रोज पोरीला सोडायला फाटकापर्यंत तोच यायचा. त्याने छपराकडे पाहिलं, मग सुगंधाकडे.

"म्हंजे मी एकट्यानंच खरं धरलं," तो म्हणाला.

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. तो चौथीत गणित चुकल्यावर जसा खाली बघून म्हणायचा, तसंच म्हणाला.